सुखदेवभाऊंचे दोन प्रतिष्ठित

सुखदेवभाऊ कुणाच्याही दारात आले की आधी खिसे उलटे करत. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही पॅन्टच्या खिशांची अस्तरं बाहेर काढून, दोन्ही हात वर करून ते उंबऱ्यापाशी उभे राहिले. शाळेला जवळ पडते म्हणून मी वाडीत नुकतीच खोली घेतली होती, आणि शेजारचा हा धिप्पाड माणूस शरण आल्यासारखा दारात! मी घाबरलेच. "भिऊ नका मॅडम," ते म्हणाले, "डेपोची सवय हाय. गॅसचा टँकर चालवतो मी. माचिस, बिडी, मोबाइल, सारं गेटवर काढून घेतेत. आता लग्नात गेलो तरी हात आपोआप वर होतेत."

या झडतीचा त्यांना राग नव्हता. उलट रखवालदारानं कंटाळा केला तर हेच त्याच्यावर खेकसायचे. "नीट तपास ना गा! माह्या मांगं अख्खी टाकी हाय. मी कोण हाय हे तुले मालूम असाले पाहिजे." आवाज असा, की गल्लीत भांडण चाललंय असं वाटावं. बरेचदा चाललेलंही असे. दुकानदाराशी, कंडक्टरशी, विहाराच्या समितीशी. "काहून?" म्हणजे 'का?', हा त्यांचा लाडका शब्द. समोरच्यानं समजावून सांगितलं की शांतपणे म्हणत, "हो, पन काहून?"

अशा माणसाच्या डेपोत नवा नियम आला. धोकादायक माल वाहणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची पोलीस पडताळणी हवी, आणि परिसरातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींनी ठाण्यात येऊन त्याच्याबद्दल सांगायला हवं. पडताळणी नाही तर टँकर नाही. त्यांचं घर टँकरवर चालत होतं, मुलगी नर्सिंगला होती.

बाकीच्या ड्रायव्हरांनी एका डॉक्टरला आणि एका नगरसेवकाला गाठलं. त्या दोघांनी कुणाचं तोंडही न पाहता सगळ्यांची हमी घेऊन टाकली. मीही तोऱ्यात म्हटलं, "सुखदेवभाऊ, मी मुख्याध्यापिका आहे. मी येते ना तुमच्यासाठी."

"तुमी मले किती वळखता मॅडम?"

"चांगले आहात की तुम्ही."

"हे तं माही सासूही म्हणते. मी रागात कसा असतो, मालूम हाय? झोप झाली नाही त गाडी कशी चालवतो? नाही ना? मंग काहून सांगान?"

भलं करायला जावं तर वर आपलीच उलटतपासणी! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण राहवेना, म्हणून ठाण्यात त्यांच्यासोबत गेलेच.

त्यांनी आणलेले दोघं म्हणजे वाडीतल्याच ट्रक स्टँडवर चहा विकणारी गयाबाई आणि तिच्या शेजारी पंचर काढणारा किसना. हवालदारानं किसनाच्या काळ्या हातांकडे पाहिलं. "प्रतिष्ठित माणसं आणा म्हटलं होतं."

"आणले ना साहेब. यायच्यासमोर माही आर्धी जिंदगी गेली. डॉक्टरनं मले कधी पाह्यलं? मी बिमारच पडत नाही."

हवालदार हसला. तसा भला माणूस होता. गयाबाईनं सांगितलं, "माणूस सोन्यासारखा, पन तोंड लय चालते." मग त्यानं किसनाला आपलं सहज विचारलं, "यानं कधी काही वावगं केलं का?"

किसना मुळात कमी बोलणारा. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "एकदा केलं."

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण तो सांगतच राहिला.

"साळ्याच्या लग्नातून पेऊन आला होता. टँकर भरलेला. तसाच स्टेअरिंगवर बसला. मी नाही म्हटलं, त मले शिव्या देल्या. मंग मी पुढचं चाकच खोललं अन् त्याच्यावर बसून राह्यलो. नशा उतरल्यावर लावून देलं. तवापासून थेंब नाही घेतला यानं. पन तवा घेतली होती."

हवालदारानं पेन खाली ठेवला. "हे मी ऐकलं नाही. उद्या दुसरा माणूस घेऊन या."

"काहून?" सुखदेवभाऊ टेबलावर वाकले. "हेच तं विचाराचं होतं ना तुमाले? खरं सांगणारा माणूस तुमच्यासमोर उभा हाय, अन् त्यालेच बदला म्हणता? लिहा साहेब."

"टँकर जाईल तुमचा."

"लिहा."

त्यानं लिहिलं. टँकर गेला. बायकोनं अबोला धरला, आणि खरं सांगते, मलाही तो सगळा आडमुठेपणाच वाटला. संध्याकाळी किसना रडत त्यांच्या दारी आला. "भाऊ, माह्या तोंडानं तुयी भाकर गेली."

"चूप बैस. तू चाक खोललं नसतं त मी राह्यलो असतो का? अन् हे वाडी राह्यली असती का? भाकरीचं पाहू." आणि त्याला हाताला धरून जेवायला बसवलं.

ते वारले तेव्हा मी वाडी सोडून प्रताप नगरला राहायला गेले होते. त्यांची आठवण निघाली की मला गॅसचा टँकर गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक सकाळ दिसते. त्यांना पाण्याच्या टँकरवर काम मिळालं होतं. तिथं झडती नाही, पडताळणी नाही, मालकानं नुसती चावी हातावर ठेवली. याचाच त्यांना संताप. "गॅस पेटते म्हणून माही चौकशी. हे पाणी लेकरं पेतेत, त इथं काहून कोणी विचारत नाही?"

पहिल्या फेरीला ते किसनाला शेजारी बसवून आमच्या मागच्या वस्तीत आले. बाया हंडे, बादल्या घेऊन धावल्या. सुखदेवभाऊ पायदानावर चढले, पण पाइप काही सोडेनात. "थांबा वं बायांनो! आजपासून तुमचं पाणी माह्या हाती हाय. मी कसा माणूस हाय, ते पहिले याले विचारून घ्या."

आणि किसनानं त्या भर उन्हात सगळं सांगितलं. लग्न, दारू, शिव्या, चाक. काही गाळलं नाही. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सुखदेवभाऊ ताठ उभे होते, मान वर.

सगळ्यांत पुढची म्हातारी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली, "बरं झालं सांगतलं. उद्या पेऊन आलास त चाक खोलाले आमी साऱ्या हावो. सोड गा पाणी!"