बांबूच्या पळीतलं तीर्थ

त्या हिवाळ्यात माझं देवाशी बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. पूजा रोज होत होती. स्नान, दिवा, फुलं, अथर्वशीर्ष, सगळं वेळच्या वेळी. पण मनातून मी रुसले होते. माझी आठ वर्षांची नात बोलेनाशी झाली होती आणि देव काही करत नव्हता.

निहार, तू तेव्हा नुकता चालायला लागला होतास, तुला यातलं काही आठवणार नाही. इला, तुला आठवत असेल, पण तुझ्या त्या वेळच्या उंचीवरून दिसलं तेवढंच. आता तुम्ही तिकडे अमेरिकेत ईडन प्रेरीला आणि मी इथे सांगलीत, म्हणून दोघांसाठी नीट क्रमाने लिहून ठेवते.

तेव्हा तुम्ही सिअ‍ॅटलजवळ राहत होता. नागपूरहून तिथे जाऊन काही महिनेच झाले होते आणि मी तुमच्याकडे राहायला आले होते. शाळेत बाईंनी धडा वाचायला सांगितला, तर इला, तू नागपूरच्या शाळेतल्यासारखी ताठ उभी राहिलीस, पुस्तक समोर धरलंस आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचू लागलीस. तिथली मुलं बसल्या जागी हळू आवाजात वाचतात. वर्ग हसला. कुणाच्या मनात वाईट काही नसेलही. पण दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत बोलेनाशी झालीस आणि दिवाळीनंतर घरीही. मान हलवायचीस, बोटाने दाखवायचीस, आईच्या कुशीत शिरायचीस, पण शब्द नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई करू नका, तिला वाटेल तेव्हा बोलेल. थांबणं हे माझ्या स्वभावात नाही. जन्मभर मी मुलांना शिकवलं, वाचतं बोलतं केलं. चित्रांचे पत्ते केले, गोष्टी सांगून शेवट मुद्दाम अर्धा सोडला, सकाळ-संध्याकाळची वेळ ठरवून दिली. तू सगळं शहाण्यासारखं ऐकायचीस आणि गप्प बसायचीस. फेब्रुवारीत माझं परतीचं तिकीट होतं. तुझ्या तोंडून 'आजी' ऐकल्याशिवाय विमानात बसावं लागणार, या विचाराने घास गिळवत नसे.

शेजारी योशिकोबाई राहायच्या. लग्न करून जपानातून आलेल्या, आता एकट्या. कुंपणावरून आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो, त्यांचं इंग्रजी जपानी चालीचं आणि माझं मिशनरी शाळेतलं. जानेवारीत त्या संत्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात नवीन वर्षाचं पहिलं दर्शन घ्यायला जातात. डोंगराच्या पायथ्याशी नदीकाठी आमचं देऊळ आहे. मुलीला घेऊन चला." निहार, तुला ताप होता, त्यामुळे तू आणि आई घरी राहिलात, म्हणून पुढचं सगळं तुला सांगते. श्रीकांतने, म्हणजे तुमच्या बाबांनी, गाडी काढली.

वाटेत योशिकोबाईंनी इलाला त्यांच्या सूर्यदेवीची गोष्ट सांगितली. भावाने फार अपमान केला म्हणून ती देवी गुहेत जाऊन बसली आणि दाराला धोंडा लावून घेतला. जगात अंधार झाला. देवांनी विनवण्या केल्या, कोंबडे आरवायला लावले, देवी हलेना. मग एक देवी उपड्या घातलेल्या टोपावर चढली आणि अशी काही नाचली, की सगळे देव पोट धरून हसले. मी नसताना यांना हसू कसलं येतंय, म्हणून सूर्यदेवीने धोंडा जरासा सरकवून डोकावून पाहिलं. तेवढ्या फटीतून उजेड आला. मग एका बलदंड देवाने तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि ती पुन्हा आत जाऊ नये म्हणून तिच्या पाठीमागे दोर बांधला. इला खिडकीला नाक लावून बसली होती. ऐकते आहे की नाही, कळत नव्हतं.

उंच देवदारांमधून पायवाट, वर लाकडी कमान, तिला गवताचा जाड पीळदार दोर आणि त्याला पांढऱ्या कागदाच्या घड्या लोंबत होत्या. योशिकोबाई कमानीपाशी वाकल्या, आम्हीही वाकलो. मधून चालायचं नाही, ती वाट देवाची, हे मी वाचून आले होते, म्हणून सगळ्यांना कडेला घेतलं. आत पाण्याचं दगडी कुंड होतं. त्यावर बांबूच्या लांब दांड्याच्या पळ्या आडव्या ठेवलेल्या आणि शेजारी इंग्रजी पाटी. पाटी दिसली की मी ती मोठ्याने वाचते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. "नीट ऐका. आधी डावा हात धुवायचा, मग उजवा. मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची आणि बाजूला टाकायची. प्यायचं नाही."

"हो, मॅडम," श्रीकांत म्हणाला.

"थट्टा पुरे. मी करते तसं करा."

मी पळी उचलली. पाणी बर्फासारखं गार. दोन्ही हात धुतले. आणि मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ती पळी, ते वाहतं पाणी, समोर देव. माझा उजवा तळवा आपोआप पुढे झाला, पाणी त्यात पडलं, ते मी डोळे मिटून प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सवयीने मी पळी पुन्हा भरली आणि श्रीकांतकडे वळले. लहानपणापासून आई पळी घेऊन वळली की हात पुढे करायचा, एवढंच त्याला माहीत. चाळिशीतला इंजिनिअर तो, त्यानेही डाव्या हातावर उजवा ठेवून तीर्थ घेतलं, प्यायला आणि केसांवरून हात फिरवला. तिसऱ्या वेळी पळी भरली तेव्हा योशिकोबाईंचा तळवा समोर होता. त्यांना वाटलं असावं, ही आमच्याकडची पद्धत, पाहुणीचा मान राखावा. त्या अगदी गंभीरपणे ते पाणी प्यायल्या आणि त्यांनी आपल्या आखूड पांढऱ्या केसांवर दोनदा थोपटलं.

पाठीमागून एक आवाज आला. आधी मला वाटलं, इलाला ठसका लागला. वळून पाहिलं तर ती पोटावर हात दाबून हसत होती. "आजी! ते थुंकायचं होतं! तूच वाचलंस ना! आणि बाबा पण प्यायले!"

श्रीकांतने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. योशिकोबाईंनी माझा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मग मलाच हसू फुटलं आणि आम्ही चौघंही त्या कुंडापाशी अशी हसलो, की दर्शनाला आलेली माणसं थांबून पाहू लागली. मी म्हटलं, "बरं, आता तू शिकव." इलाने मला पळी कशी धरायची, चूळ कुठे टाकायची, सगळं दाखवलं. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं, हेही पुढच्या माणसांचं पाहून तिनेच सांगितलं. टाळ्या वाजवून मी डोळे मिटले. मागायचं काहीच उरलं नव्हतं. कित्येक महिन्यांनी मी देवाशी मनापासून बोलले, आणि तेही परक्या देवळात, माझ्या गणपतीचं नाव घेऊन. तिथल्या देवाने राग धरला असेल असं मला वाटत नाही.

इला लगेच पूर्वीसारखी बडबडू लागली, असं नाही. शाळेत तोंड उघडायला वसंत उजाडला. पण मी निघाले तेव्हा विमानतळावर मला हाक मारून म्हणाली, "आजी, विमानात पाण्याची बाटली देतील, ती मात्र प्यायची."

हा चमत्कार होता की पोरीला हसू येण्याची वेळच आली होती, हा वाद मी घालत नाही. मला एवढंच कळतं, की माझ्या सगळ्या वेळापत्रकांनी जे दार हललं नाही, ते माझा हात चुकला तेव्हा किलकिलं झालं. त्या हातात माझी आई होती, तिची आई होती, आणि पाटी वाचण्याआधीपासून तो देवापुढे उघडा होता. तेव्हापासून मी जमेल तेवढं करते आणि उरलेलं त्याच्यावर सोडते. ते सोडणं मला अजून फारसं जमत नाही, हेही खरं.

परवा फोनवर इला म्हणाली, वर्गात एक नवीन मुलगी आली आहे, कुणाशी बोलत नाही, म्हणून मी रोज तिच्याशेजारी बसून डबा खाते. "आणि आजी, तिला मी तुझी पाणी प्यायल्याची गोष्ट सांगितली. चालेल ना?"

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ मान मिळाला, शाली मिळाल्या, नारळ मिळाले. पण फोन कानाला धरून मी जितकी ताठ बसले, तितकी कधी बसले नसेन. मी विचारलं, "हसली का ती?"

"थोडीशी."

"मग उद्या पुन्हा सांग. आणि बाबांचं सांगायला विसरू नकोस."