बुडवलेल्या बॅटऱ्या

किस्से मुद्दाम जमवावे लागतात असं म्हणणारा माणूस काशीत राहिलेला नसावा. इथे कुणी गेलं की आमच्याकडे एक किस्सा वाढतो. आम्ही म्हणजे इथल्या दूधविनायक गल्लीतले तिघं: भिक्षुकी करणारे नाना, रेल्वेतले वसंतराव आणि बँकेत कारकुनी करणारा मी. महाराष्ट्रातून आलेलं कुणी इथे वारलं की मणिकर्णिकेच्या स्मशानघाटापर्यंत सोबतीला आम्ही. नव्वद-पंच्याण्णवच्या त्या वर्षांत संध्याकाळी लाइट हमखास जायची, म्हणून प्रत्येकाच्या खिशात बॅटरी.

नानांच्या घरी त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, नियम कडक. स्मशानात गेलेली वस्तू गंगेत बुडवल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायची नाही. माणूस, धोतर आणि बॅटरीसुद्धा!

पत्र्याची बॅटरी दोन बुड्यांत संपायची. मग नाना अंधारात चाचपडत पायऱ्या चढून घरी यायचे. काकूंचा जीव दारात टांगणीला लागलेला, आणि नियम त्यांचाच. आम्ही यावर हसायचो.

* * *

वसंतरावांनी एकदा डोकं लढवलं. झाकणाच्या आट्यांवर मेणबत्तीचं मेण ओतून बॅटरी बंद केली. बुडवली तरी पेटली. पंधरा दिवस त्यांनी गल्लीभर फुशारकी मारली.

मग सेल संपले. झाकण काही केल्या उघडेना. पक्कड झाली, हातोडी झाली.

वसंतराव शेवटी म्हणाले, "पाणी आत जात नाही हे खरं. पण आता आपल्यालाही जाता येत नाही."

* * *

मी त्याहून शहाणा. बॅटरी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातली, तोंड रबराने आवळलं, तीनदा बुडवली आणि कोरडीच्या कोरडी काकूंपुढे धरली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गंगा तर पन्नीला लागली. बॅटरीला कुठे लागली?"

मी निमूटपणे खाली उतरून बॅटरी बुडवून आलो. ती पुन्हा पेटली नाही.

* * *

पाण्यापेक्षा गाळ वाईट. एका वर्षी पूर ओसरला आणि पायऱ्यांवर गुडघाभर चिखल राहिला. नानांची बॅटरी त्यात पडली. त्यांनी ती धुतली, पण खटक्यात रेती अडकली होती. पुढच्या खेपेला परतताना खटका सरकेना, आणि नाना घसरले. घोटा मोडला.

प्लास्टर घातलेल्या पायापाशी बसून काकूंनी मला हळूच विचारलं, "नियम सोडू का रे?"

मी हो म्हणायला हवं होतं. पण बँकेतला माणूस मी, नियमापुढे गप्प बसायची सवय. म्हणालो, "तुमचा नियम आहे काकू, तुम्हीच ठरवा." आजही स्वतःची चीड येते. काकूंनी नियम सोडला नाही, आणि नानांचा तो पाय पुन्हा सरळ पडला नाही.

* * *

मग वसंतरावांनी कलकत्त्याहून नानांसाठी जाड रबराची बॅटरी आणली. झाकणाला आतून रबरी कडं, खटकाही रबराखाली. काकूंनी स्वतः बादलीत गाळ कालवला आणि ती दुपारभर त्यात पुरून ठेवली. संध्याकाळी काढून पदराने पुसली, खटका दाबला. भिंतीवर लख्ख उजेड!

कित्येक महिन्यांनंतर काकू हसल्या. म्हणाल्या, "आता हे खुशाल जाऊ देत."

* * *

त्याच थंडीत काकूंनी अंथरूण धरलं. आमच्यासमोरच त्यांनी नानांना बजावलं, "मला उजेडी न्या. या पायानं अंधारात घाट उतरायचा नाही."

त्या गेल्या नेमक्या दिवेलागणीला. लाइट नव्हती. नातेवाईक म्हणाले, काशीत प्रेत कुणी रात्रभर ठेवत नाही, आत्ताच निघू. वसंतरावांनी ती रबरी बॅटरी पुढे केली.

नाना म्हणाले, "उद्या."

सकाळी स्वच्छ उन्हात नेलं. बॅटरी कुणी घेतलीच नाही. सगळं उरकून, गंगेत बुडी मारून आम्ही घरी आलो. नानांनी ओल्या धोतरानेच कोनाड्यातली बॅटरी उचलली आणि मागे फिरले.

"नाना, ती आली नव्हती घाटावर," मी म्हणालो.

ते थांबले नाहीत. लंगडत अहिल्याबाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले, बॅटरी पेटवली आणि पाण्याखाली धरून ठेवली. ती विझेना. आम्ही वरच्या पायरीवर उभे होतो.

सेल नवे होते. ती विझेपर्यंत नाना उठले नाहीत.