कोशिंबिरीचे दोन डबे

भारतातून परत येणाऱ्यांच्या घरी पहिल्या संध्याकाळचा डबा कुणीतरी पोचवायचा, हा अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींचा अलिखित नियम आहे. फ्रिज रिकामा, बॅगा हॉलभर, डोळ्यांवर झोप, अशात कुकर कोण लावणार? आमचा डबा नेहमी काकू देतात. त्या नात्यातल्या नाहीत, चार घरं पलीकडे राहतात. काका गेल्यापासून एकट्याच असतात, मुलगा दूर टेक्सासात, फ्रिस्कोला.

यंदा तर विमानात मी त्या डब्याचीच वाट बघत होते. कारण सुट्टी कसली, पुण्यात मी नुसता पहारा दिला. आमच्या सात वर्षांच्या लेकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मराठी घरात जन्माला यायचं आणि अ‍ॅलर्जी कशाची, तर शेंगदाण्याची! साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट कशात नसतं आपल्याकडे? ज्या घरी जेवायला जावं, तिथे आधी मी स्वयंपाकघरात घुसायची. माझ्या आत्याने तोंडावर सांगितलं की हे तुमचे अमेरिकेचे चोचले, चिमूटभराने काही होत नाही. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, चिमूटभरानेच ती चार वर्षांची असताना ओठ निळे पडले होते, तेव्हा तुम्ही नव्हता तिथे. त्यानंतर आत्या आमच्याशी बोलली नाही. न का बोलेना.

तेव्हा तिथे काकू होत्या. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत लेकीला मांडीवर धरून बसलेल्या. नंतर सूर्यफुलाच्या बिया भाजून त्यांचं कूट करायची युक्तीही त्यांचीच. त्यांच्या ओट्यावर दोन बरण्या असतात, लाल झाकणाची दाण्याच्या कुटाची आणि पांढऱ्या झाकणाची बियांच्या कुटाची. लेकीच्या पोटात जाणाऱ्या पदार्थात पांढऱ्या झाकणाचंच कूट पडणार, यावर माझा डोळे मिटून विश्वास. माझ्या आईच्या स्वयंपाकावरही नाही इतका.

त्या संध्याकाळी डबा दाराशी ठेवून काकू बेल वाजवून निघून गेल्या होत्या. मी आंघोळीला गेले. नवऱ्याने पानं वाढली. बाहेर आले तोवर लेकीने कोशिंबिरीचा डबा जवळजवळ चाटूनपुसून संपवला होता. तळाशी राहिलेला चमचाभर मी तोंडात टाकला आणि दचकले. कूट कुठलं ते कळेना. विमानातल्या सर्दीने नाक बंद, जिभेला नुसतं लिंबू आणि साखर लागत होती. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, छान होती की. त्याला भाजीत मीठ नसलं तरी कळत नाही, त्यामुळे त्याच्या साक्षीला काही अर्थ नव्हता.

तरी मी गप्प बसले असते. पण भाजी वाढून घ्यावी म्हणून दुसरा डबा उघडला, तर त्यातही कोशिंबीर. भाजी कुठेच नव्हती. नवऱ्याला वाटलं, पोरीला आवडते म्हणून जास्त दिली असेल. मला मात्र पुण्याला आलेला काकूंचा फोन आठवला. तुम्ही कधी येताय, असं त्यांनी एका फोनमध्ये तीनदा विचारलं होतं. मी चेष्टाही केली होती, की काकू, आमच्याशिवाय करमत नाही ना? त्या हसल्या होत्या, पण जरा उशिरा.

मी लगेच फोन लावला.

"काकू, कोशिंबिरीत कूट कुठलं घातलंत?"

"नेहमीचंच गं."

"नेहमीचं म्हणजे बियांचं ना?"

त्या एवढंच म्हणाल्या, येते मी, आणि फोन ठेवला.

मी पर्समधून अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन काढून मांडीवर घेतलं. नवऱ्याला सांगितलं, फोन हातात ठेव, जरा काही दिसलं तर पेन मी टोचते आणि तू अ‍ॅम्ब्युलन्ससाठी नऊ-एक-एक लाव. खाल्ल्यानंतर दोन तासांपर्यंतही त्रास सुरू होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. लेक सोफ्यावर कार्टून बघत होती. मी तिचे ओठ बघत होते. घसा खाजतोय का? पोटात दुखतंय का? जीभ दाखव. ती वैतागली. "आई, आय ॲम फाइन. स्टॉप लुकिंग ॲट मी." एकदा ती खोकली आणि मी पेन उचललं. पण तो साधाच खोकला होता, पाण्याचा ठसका.

काकू आल्या त्या घरातल्या स्लिपर्स घालून, कोट न घालताच. बाहेर कडाक्याची थंडी. दारातच उभ्या राहिल्या. आधी लेकीकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या पेनाकडे.

"मला आठवत नाहीये," त्या म्हणाल्या. "वाटलं होतं, चालता चालता आठवेल."

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं! भयंकर संताप आला होता मला, खोटं कशाला बोलू. पण ती बाई उंबरा ओलांडून आत यायलाही धजत नव्हती. मी त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि सोफ्यावर लेकीच्या शेजारी बसवलं.

नवरा त्यांच्या घरी पळाला. ओट्यावरच्या बरण्या बघून कळेल, अशी आशा होती. परत आला तेव्हा त्याचा चेहराच उतरलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला की दोन्ही बरण्या उघड्या आहेत आणि दोन्हींत चमचे आहेत. पहिल्या डब्यात चाखून बघायलाही काही उरलं नव्हतं, म्हणजे वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं. आम्ही तिघं मोठी माणसं एका कार्टूनसमोर बसून राहिलो. लेकीने काकूंच्या मांडीवर पाय टाकले. काकू तिचे तळवे चोळत होत्या आणि मधूनमधून तिच्या ओठांकडे बघत होत्या, माझ्यासारख्याच. एका कार्टूनमागून दुसरं लागत होतं. एरवी मी टीव्ही केव्हाच बंद केला असता.

दोन तास उलटून गेले. लेकीला काही झालं नाही. शेवटी मी पेन बाजूला ठेवलं, तेव्हा बोटं आखडली होती. तेवढ्यात लेकीने काकूंना विचारलं, ती सेकंड कोशिंबीर आहे ना, ती खाऊ का?

मी काही बोलायच्या आत काकू उठल्या. तो डबा त्यांनी हातात घेतला, बोटाने किंचित कोशिंबीर जिभेवर ठेवली आणि तशाच उभ्या राहिल्या. मग कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून सगळी कोशिंबीर आत ओतली.

"यात दाण्याचं आहे," त्या म्हणाल्या.

लेक कुरकुरली. तिला काय कळणार? मी सिंकपाशी जाऊन डबे घासायला घेतले, कारण दुसरं काही सुचेना. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून धुतलेल्या डब्यात पुण्याहून आणलेल्या बाकरवड्या भरायला लागले. काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे. डबे तुझ्याकडेच ठेव," त्या म्हणाल्या. "उद्यापासून माझा डबा तू देत जा."

मी मान हलवली. नवरा त्यांना त्याचा जाड कोट घालून घरी सोडायला गेला. रिकामे डबे मी आमच्या डब्यांशेजारी ठेवले आणि सकाळसाठी मूग भिजत घातले, काकूंचे धरून.