सत्तावीस नंबरच्या टेपवर नसलेला स्कॅन

इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचते आणि वाचून हसते, हे आधीच सांगून टाकते. माझा विश्वास फक्त कॉम्प्युटरच्या लॉगवर, म्हणजे तो आपल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतो त्या वहीवर. म्हणूनच हे लिहिताना माझी मलाच चिडचिड होतेय...

मी नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागात आहे. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तो उन्हाळा. नायगावच्या माझ्या कमलमावशीचा खोकला काही हटेना, म्हणून तपासलं तर फुप्फुसात डाग निघाला. लातूरच्या सर्जननी ऑपरेशनची तारीख दिली, शिवाय येताना पाण्याचे कॅन आणायला सांगितले. एक मात्र म्हणाले — "जुना सीटी स्कॅन असेल तर दाखवा. डाग तेव्हाही एवढाच असेल, तर कापायची घाई नको."

जुना स्कॅन होता! काही वर्षांपूर्वी मावशी मोटारसायकलवरून पडली, बरगडी मोडली, तेव्हा आमच्याच हॉस्पिटलात काढलेला. पण त्याची फिल्म तिच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी, घरातल्या फुटक्या खिडकीला चिकटवलेली. उन्हानं, धुळीनं तिच्यावर काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"माझ्याकडं काय बघून राहिलीस?" काका मावशीवरच उखडले. "चिमण्या घरात येऊन राहिल्या होत्या, तवा तूच म्हनलीस की लाव."

मग उरला बॅकअप. जुने स्कॅन आम्ही टेपवर टाकतो. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटची थोरली बहीण. कुठली फाइल कुठल्या टेपवर, कुठल्या जागी, हे कॅटलॉगला ठाऊक. त्यात नोंद नसेल तर बसा एकेक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत.

मी मावशीचा पेशंट नंबर टाकला. कॅटलॉगनं लगेच दाखवलं — टेप सत्तावीस. टेप लावली, स्कॅन उतरवला, सीडी करून काकांच्या हाती दिली. इथवर विशेष काही नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात जावेदभाईंना, म्हणजे माझ्या सहकाऱ्याला, दाखवायला गेले... तर कॅटलॉगमध्ये असा पेशंटच नाही! नंबर पुन्हा टाकला. नावानं शोधलं. नाही म्हणजे नाही.

"टेपच आख्खी वाचून काढू की मॅडम," जावेदभाई म्हणाले. "काय हाय काय न्हाई, कळून जाईल."

टेप वाचून नवा कॅटलॉग बनवला. सत्तावीसवरचे सगळे स्कॅन मावशी पडायच्या आदल्या वर्षाचे. त्या टेपवर नंतर काही लिहिलेलंच नव्हतं. मला चैन कुठली? बाकीच्या टेपाही वाचल्या. मावशी कुठेच नव्हती. लॉग मात्र ठणठणीत सांगत होता — फाइल उतरवली, टेप सत्तावीस.

सीडीतला स्कॅन दुसऱ्याच कुणाचा असला तर? त्याच्या भरवशावर ऑपरेशन टाळायचं, आणि आत डाग वाढत जायचा? काका-मावशी सीडी घेऊन आधीच लातूरला गेले होते; मीही तडक लातूर गाठलं. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर उदगीर जिल्हा होणार की नाही यावर दोघं हातघाईवर आले होते. मावशी ऐकत बसली होती, मला बघून हसली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

आत जाऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारीशेजारी लावले. मणक्याचा जन्मजात बाक तोच. एकात बरगडी नुकती मोडलेली, दुसऱ्यात तीच बरगडी जुळलेली. आणि डाग दोन्हीकडे तेवढाच.

"हे शरीर यांचंच आहे," ते म्हणाले. "तुमच्या टेपचं तुम्ही बघा. आपण थांबू, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू."

तीन महिन्यांनी डाग तसूभरही वाढला नव्हता. आजही नाही.

टेपच्या मशीनच्या कंपनीचा इंजिनियर म्हणाला, कॅटलॉग करप्ट झाला असेल. अहो, करप्ट कॅटलॉग असलेली नोंद हरवेल, कबूल... टेपवर नसलेला स्कॅन कुठून आणून देईल? यावर तो चहा प्यायला गेला. मी अजून तिथंच अडकलेय.

मागे नायगावला गेले तेव्हा मावशीला हे सगळं समजावून सांगितलं — टेप, कॅटलॉग, लॉग. ती ज्वारी निवडत होती. पूर्ण ऐकून घेतलं तिनं.

"मंजे मी तुज्या त्या टेपावर न्हवतेच?"

"नव्हतीस, मावशी."

"पर हितं हाय न्हवं?" तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. "मग खडे काढू लाग."