कोरडा ओटा

त्या गवंड्याला सगळे टणक म्हणत, आणि त्याची बायको तर हे नाव दातओठ खाऊनच घेई. माणूस कामाला चोख, हे तिलाही नाकारता येत नव्हतं. स्वयंपाकघरातले काँक्रीटचे ओटे घालावेत ते त्यानेच. ओतलेला ओटा ओल्या गोणपाटाखाली झाकायचा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ जातीने जाऊन पाणी मारायचं. "माझ्या ओट्याला तडा गेला तर मिशी उतरवीन," असं तो लोकांचा चहा पीत लोकांनाच ऐकवायचा.

घरी मात्र तिने लाकडी फळीवर अर्धा संसार रेटला. शेवटी ती म्हणाली, "मी आपली बाजारातून दगडाची लादी आणते." हे टणकाला झोंबलं. "मी जिवंत असताना विकतचा दगड? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!" त्याच रागात एका सुट्टीच्या दिवशी त्याने फळ्या ठोकल्या, सळ्या बांधल्या, ओटा ओतला आणि दुसऱ्या दिवशी उठून परक्याच्या कामावर गेला. गोणपाट दाराआडच राहिलं. पाणी कोण मारणार हे ठरवायला दोघं एकमेकांशी बोलत होते कुठे!

तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं जेवताना हेच पुराण ऐकलं होतं. नळ हाताशी, बादली भरलेली. ओटा पांढरा पडत गेला तसं तिला बरं वाटत गेलं, अगदी मनापासून बरं. एका शब्दाने सांगितलं असतं तर मारलं असतं पाणी. पण स्वारीची जीभ जड झाली होती ना! मग तिलाही बादली उचलवेना.

महिना होतो न होतो तोच सिंकच्या कोपऱ्यातून तडा निघाला आणि थेट शेगडीपर्यंत गेला. टणकाने त्यात सिमेंट भरलं, तो पुन्हा उघडला.

"गरम कढई आपटतेस, दुसरं काय!" तो खेकसला.

"कढईनं फुटतो होय तुमचा ओटा? मग उतरवा मिशी," ती म्हणाली.

अशात एका नव्या बंगल्याच्या मालकीणबाई अडून बसल्या. गवंड्याच्या घरचा ओटा बघितल्याशिवाय त्या काम द्यायला तयार नव्हत्या. त्या यायच्या दिवशी टणक सकाळपासून घिरट्या घालत होता. तड्यावर त्याने पिठाचा डबा ठेवला, डब्याशेजारी परात. आजवर कमावलेलं नाव आज जाणार, या धास्तीने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जन्मात पहिल्यांदा तो बायकोशी मऊ बोलला. "जरा तेवढा डबा हलवू नकोस."

बाई आल्या. बायकोने डबा उचलून खाली ठेवला. मग परातही. बाईंनी तड्यावरून बोट फिरवलं.

"अहो, हे काय?"

"हिने पाणी मारलं नाही," टणक म्हणाला.

बायको हसली. चिडली असती तर परवडलं असतं.

"खुशाल द्या ह्यांना काम, बाई. तुमचा ओटा फुटायचा नाही. लोकांच्या घरी हे स्वतः जाऊन पाणी मारतात."

काम मिळालं. मिशीही राहिली. बंगल्यावरचा ओटा ओतून झाल्यावर दुसऱ्या सकाळी टणक लवकर उठला. बायको तड्यात बसलेलं पीठ सुईने कोरून काढत होती. तिच्या पाठीमागून जाऊन त्याने दाराआडचं गोणपाट उचललं आणि तो बंगल्यावर पाणी मारायला गेला.