कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या बाई

आईनं दोन वर्षं एका बोटानं टाइप केलेल्या जात्यावरच्या ओव्या मरोदा वस्तीतल्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर होत्या. एका सकाळी तो रीस्टार्ट झाला आणि काळ्या स्क्रीनवर नुसता माउसचा बाण उरला.

"तूच काहीतरी दाबलं असशील!" मी आईवर ओरडलो.

दुरुस्तीला कॅम्प-१ या जवळच्या वस्तीतून एक बाई आल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी पदर खोचला, पण कीबोर्डला हात न लावता त्या आधी आईकडे वळल्या.

"काकू, बंद व्हायच्या आधी तुमी काय करून राहिल्या होत्या?"

"ओवी लिहून राहिली होती. माह्याच हातून बिघडला असन," आई पुटपुटली.

बाईंनी तीन बटणं एकदम दाबली, उघडलेल्या चौकटीत एक शब्द टाइप केला आणि डेस्कटॉप परत आला. ओव्या जागेवर होत्या. आईनं डोळे पुसले.

मग त्यांनी प्रोग्रामची यादी उघडली. मशीन वेगवान करतो म्हणणारा एक प्रोग्राम तिथे कालच्या तारखेला आलेला दिसत होता. तो मी टाकला होता. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, तो काढला आणि पुन्हा रीस्टार्ट करून खात्री केली.

"लिहिल्यानं मशीन बिघडत नाही काकू, बिनधास्त लिहा," एवढंच बोलून त्या निघाल्या.

बाकीचं सांगणं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी आईजवळ खुर्ची ओढून बसलो.

"आई, ते मी केलं होतं."