राजकन्येनं अडवलेलं विमान

आधीच सांगून टाकलेलं बरं. राजकन्या हे तिचं खरं नाव आहे, आणि त्यावरचे सगळे विनोद तिनं चौथीत असतानाच ऐकून संपवलेत. उमरी तालुक्यातल्या एका खेड्यात, सोयाबीन आणि हळदीच्या रानात ती वाढली. फाट्यावर बस थांबली की बाकीच्या पोरी खिडकीतली जागा हेरायच्या, ही वाकून चाकं बघायची. ट्रॅक्टर बंद पडला की मेकॅनिकच्या शेजारी जाऊन उताणी. "पोरीच्या जातीनं गाडीखाली निजायचं का?" म्हणून तिची माय चांगुणाबाई कपाळाला हात लावायची. बाप सटवाजी म्हणायचा, "निजू दे. वर बसणारे लई झाले, खाली शिरणारं एक तरी असू दे घरात."

बारावी नांदेडला झाली, मग हैदराबादला विमान दुरुस्तीचं शिक्षण. परीक्षेत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली. यात लाजायचं काय? पहिल्या झटक्यात पास झालेले काय दिवे लावतात ते आपण रोज बघतोच. लग्नाचं विचाराल तर अजून केलेलं नाही, सवडीनं करणार आहे. पुढं चला.

लातूरच्या विमानतळावर वैमानिक घडवणारी एक खाजगी शाळा आहे, दोन माणसांच्या छोट्या विमानांची. तिथं राजकन्या नोकरीला लागली, आणि यंदा पावसाळ्यात तिला परवाना मिळाला. परवाना म्हणजे काय, तर तिनं तपासून सही केल्याशिवाय विमान हलायचं नाही. तिचा खास जीव कशावर, तर विमानाच्या पायांवर. लोक पंखांचं कौतुक करतात. करा बापडे. पण शिकाऊ पोरं ते विमान दिवसातून कितीदा तरी धाडकन जमिनीवर टेकवतात, आणि तो सगळा मार खातात पाय. म्हणून राजकन्या रोज सकाळी बॅटरी आणि दंतवैद्याकडं असतो तसला छोटा आरसा घेऊन खाली शिरते. टायर, चाकाची तबकडी, तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे ब्रेकचे पॅड, नटबोल्ट, पोलादी पाय, नाकाखालच्या चाकाचा चकचकीत दांडा, सगळ्यावरून बोटं फिरवते. आणि शोधते लाल रंग. विमानाच्या ब्रेकचं तेल लालभडक असतं, कुठं गळलं तर लगेच ओळखू यावं म्हणून. लाल थेंब दिसला की विमान जागेवर. कुठून आला ते सापडेपर्यंत सही नाही.

तर नवरात्रात चांगुणाबाई लेकीकडं आली. "तू नेमकं काय करून राहिलीस ते एकदा डोळ्यांनी बघू दे," म्हणाली. खंडेनवमीला हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या त्या मोठ्या शेडमध्ये, अवजारांची पूजा होती. राजकन्येनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: पाने, जॅक, विमान ओढायचा छोटा ट्रॅक्टर यांना खुशाल हळदकुंकू वाहा. विमानाला फक्त पुढच्या पंख्यावर झेंडूची माळ, तीही फोटो निघाला की उतरवायची.

"बाई, विमानालाबी नजर लागती," सुदाममामा म्हणाले. मामा तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक, कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नाही.

"नजर लागू द्या मामा, कुंकू नको लागायला."

पूजा झाली, पेढे वाटले, शेड बंद झाली.

दुसरा दिवस दसऱ्याचा. त्या दिवशी तनुजाचा सोलो होता. सोलो म्हणजे शेजारी शिकवणारा नाही, विमानात आपण एकटं. आयुष्यात पहिल्यांदा. तनुजा देवणीची, गावातून विमान शिकायला निघालेली पहिलीच पोर. तिच्या बाबांनी "दसऱ्याला पोरगी सीमोल्लंघन करणार" असं अख्ख्या गावात सांगून ठेवलेलं, त्यामुळं दोन जीपगाड्या भरून माणसं, आपट्याची पानं आणि डबे असा सगळा लवाजमा सकाळीच कुंपणाशी येऊन उभा. तिचे शिक्षक भागवत सर दुसऱ्या दिवसापासून रजेवर जाणार होते. आज हुकलं की ते परत येईपर्यंत नाही. आणि अकराच्या पुढं वारं चढतं, मग पहिल्यांदा एकटं उडणाऱ्या पोरीला कुणी सोडत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते सकाळीच.

राजकन्या खाली शिरली. उजव्या पायावर बॅटरी मारली आणि तिथंच थबकली.

पायाच्या पांढऱ्या रंगावरून एक लाल ओघळ सरळ चाकापर्यंत आला होता. खाली फरशीवर थेंब. बोटानं पुसला तर तेलकट.

ती बाहेर आली आणि पंख्याला लाल पट्टी बांधली. विमान बंद, असा त्याचा अर्थ.

भागवत सर ताडताड आले. माणूस नांदेडचा, आवाज मोठा, पोटात काही नाही. "काय झालं?"

"तेल गळतंय. उजवा ब्रेक."

"काल पूजेच्या आधी मीच उतरवलंय हे विमान. ब्रेक एक नंबर होता!"

"काल होता सर. आज लाल थेंब आहे."

सुदाममामांनी फडकं पुढं केलं. "पुसून टाका बाई, अन् पंधरा मिनिटं बघू. परत आलं तर गळती, न्हाई आलं तर न्हाई."

"आणि धावपट्टीवर आलं तर?"

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. तनुजा मात्र जवळ आली. गणवेशाची इस्त्री कडक, चेहरा पार उतरलेला. "ताई, आज होईल ना?"

राजकन्येला त्या पोरीची दया आली नाही असं नाही. पण 'होईल' म्हणणं तिच्या हातात नव्हतं आणि 'नाही' म्हणणं होतं. परवाना मिळाल्यापासून तिचं पहिलं मोठं 'नाही', तेही दोन जीपा भरून आलेल्या माणसांसमोर. कुंपणापलीकडून कुणीतरी मोठ्यानं म्हणालंच, "दसऱ्याच्या दिवशी आडवी कोण आली रे?"

"सापडलं की होईल," ती तनुजाला म्हणाली. "उभी राहू नकोस इथं. पाणी पी जा. मामा, जॅक आणा."

मामांनी कुरकुरत जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं. राजकन्येनं ब्रेकच्या तेलाची टाकी बघितली. काठोकाठ भरलेली. नळी पुसून कोरडी केली आणि भागवत सरांना आत बसवून ब्रेक दाबायला लावला.

"दाबला!" सर आतून ओरडले.

"आणखी दाबा!"

"अगं, आता विमानाच्या तळातून पाय बाहेर येईल माझा!"

नळी कोरडी. सांधे कोरडे. एक थेंब नाही. टाकी भरलेली, नळी धड, मग हे तेल आलं कुठून? राजकन्येला आता रागच आला, तिला न सापडणाऱ्या गोष्टींचा येतो तसा. तिनं बोटावरचा लाल थेंब चोळला. बारीक भुकटी लागली. ब्रेकच्या तेलात भुकटी कशाला असेल? तिनं बोट नाकाशी नेलं. ब्रेकच्या तेलाला रॉकेलसारखा उग्र वास येतो. याला वास होता करडईच्या तेलाचा. घरच्या कढईचा.

ती विमानाखालून हळूच बाहेर आली. सावलीत, खुर्चीवर, धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन चांगुणाबाई बसली होती. चेहरा असा, की जसं काही गावच्या देवळातली मूर्ती.

"माय."

"काय गं?"

"काल पूजेच्या वेळी तू इकडं आली होतीस का?"

"आले असंन. एवढी मोठी शेड, माणूस इकडं-तिकडं फिरतंयच की."

"माय, विमानाच्या पायाला काय लावलंस?"

चांगुणाबाईनं आधी डब्याचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाली, "काय लावलं म्हंजी? खांदेमळणी केली. तुम्ही मोठे शिकलेले, तोंडाला माळ घालता अन् वझं उचलणाऱ्याला कोरडं ठेवता. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा मळतो का न्हाई? कामून मळतो? वझं त्याच्यावर असतंय म्हणून. ह्या इमानाला तर खांदाच न्हाई, समदं वझं पायावर. तूच सांगितलंस मला. मंग मी पाय मळले."

"कुंकवानं?"

"हळद सरली होती ताटातली. कुंकू तेलात कालवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. तेल आपल्या घाण्यावरचंच हाय, भेसळीचं न्हाई."

मग भागवत सर विमानाच्या दाराला धरून असे हसायला लागले की त्यांची टोपी खाली पडली. कुंपणापाशी बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो! तनुजाचे बाबा तिथूनच ओरडले, "बरोबर केलं माउली! आमच्या देवणीत आधी जनावराचे पाय बघत्यात, मंग शिंगं!"

"तुम्ही तिला चढवू नका!" राजकन्या गरजली.

"चला, झालं तर मग," सुदाममामा हात झटकत म्हणाले. "गळती न्हाई, काई न्हाई. पुसा अन् सोडा. आईचा आशीर्वादच हाय."

इथं नव्वद टक्के माणसांनी पुसून सोडलं असतं. राजकन्येनं चिमट्यासारखा तो ब्रेक उघडला आणि आतला पॅड मामांच्या नाकासमोर धरला. काळ्या पॅडवर तेलाचा लाल डाग मुरलेला. "हा आशीर्वाद इथपर्यंत गेलाय मामा. उजवं चाक घसरणार, डावं धरणार. पोरगी एकटी. विमान कुठं जाईल?"

मामांनी पॅड हातात घेतला, डागावर अंगठा दाबला, अंगठा बघितला. "रानात," म्हणाले. आणि न सांगता स्टोअरकडं चालू लागले.

चांगुणाबाई उठून उभी राहिली होती. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "राजू, म्हंजी पोरीला धोका झाला असता?"

"हाव."

राजकन्या खोटं बोलत नाही, आईशी तर अजिबात नाही. मग तिनं विचारलं, "एकाच पायाला लावलंस का तिन्ही?"

"तिन्ही. एकाला लावून दोघांना रुसवायचं का?"

"मग ये इकडं. कुठं कुठं हात लावलास ते दाखव. एक जागा विसरायची नाही."

आणि मग जे झालं ते लातूरच्या विमानतळावर पुन्हा कधी होईल असं वाटत नाही. नऊवारीचा काष्टा खोचून चांगुणाबाई विमानाच्या पायाशी उकिडवी बसली आणि साक्ष देऊ लागली. हितं अंगठा टेकवला. हितं चार बोटं ओढली. हितं जराक जास्त पडलं, मग पदरानं टिपलं. राजकन्या मागून फडकं आणि सफाईचं द्रावण घेऊन. नाकाखालच्या चाकाच्या चकचकीत दांड्याला मात्र माय म्हणाली हात लावला नाही, "ते देवाच्या समईवाणी चमकत होतं, कामून घाण करू?" तरी राजकन्येनं आरसा लावून बघितलंच. खरंच स्वच्छ होता. मामांनी दोन्ही ब्रेकना नवे पॅड रिबीट मारून बसवले. तबकड्या धुऊन लख्ख केल्या, चाकं चढवली. नव्या पॅडला आधी थोडं तापवून मुरवावं लागतं, म्हणून भागवत सर विमान घेऊन टॅक्सी वेवर, म्हणजे धावपट्टीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, धावले, थांबले, धावले, थांबले. परत आले तेव्हा घामाघूम.

"धरतंय?" राजकन्येनं विचारलं.

"जिजामातेची शपथ, दात पडतील इतकं धरतंय."

तिनं पुन्हा एकदा खाली शिरून सगळं बघितलं. लाल काही नाही. सही केली, पट्टी सोडली. वारं अजून पडलेलंच होतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

तनुजा आत बसली. दार लागलं. शेजारची जागा रिकामी. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावलं आणि उचललं. कुंपणापाशी जो आरडाओरडा झाला तो निलंग्यापर्यंत गेला असेल. बायकांनी डोळ्यांवर हात धरून आभाळाकडं माना केल्या. तनुजाच्या बाबांना रडू आवरेना, आणि ते सगळ्यांना "धूळ गेली" असं सांगत होते, धुळीचा कण नसताना.

एक फेरी मारून विमान खाली यायला लागलं. सगळे विमान बघत होते, राजकन्या चाकं बघत होती. टेकली. उडाली. परत टेकली. भागवत सर पुटपुटले, "धर, धर, सरळ धर..." चाकं धावली. आता ब्रेक. विमान मधल्या पांढऱ्या रेघेवरून, शिस्तीतल्या पोरीसारखं, ना डावीकडं ना उजवीकडं, हळू होत होत थांबलं.

सोलो करून आलेल्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायची तिथली रीत. तनुजा उतरली, आणि मामांनी मागून अख्खी बादली तिच्या इस्त्रीवर रिकामी केली.

"अरे मुडद्या!" चांगुणाबाई धावली. "एवढं आभाळातून आलेलं लेकरू, अन् तिला भिजवतोस? सर्दी झाली म्हंजी?" आणि तिनं पदरानं तनुजाचं डोकं खसाखसा पुसायला घेतलं. तनुजा हसत होती, ओरडत होती, "आजी, असू द्या, हे चांगलं असतं!"

"कसलं चांगलं! तुमच्या इमानवाल्यांच्या रीती, ऐकावं ते नवलच!"

तिकडं आपट्याची पानं वाटणं सुरू झालं, डबे उघडले, कुणीतरी राजकन्येला हाका मारत होतं. ती विमानाखाली होती. हाताची पालथी बाजू तिनं आधी उजव्या तबकडीजवळ नेली, मग डाव्या. दोन्ही सारख्याच गरम, म्हणजे दोन्ही ब्रेकनी सारखंच धरलं होतं. तिनं पुन्हा एकदा उजवी बघितली, पुन्हा डावी, आणि एकटीच हसली.

"आले गं माय," ती ओरडली. "धपाटे संपवू नका!"